नऊ वाजताचं पाणी

“आणि हे तुमचं भाथीनगर, मावशी,” शलाका म्हणाली आणि भिंतीवरच्या नकाशातला एक हिरवा ठिपका तिने मोठा केला. “दहा वर्षं, पाचशे वीस नमुने, आणि एकही वाईट नाही. अख्ख्या शहरात असं दुसरं ठिकाण नाही.”

खोलीतल्या बारा-पंधरा माना माझ्याकडे वळल्या. आमचे इंजिनिअर केयूरभाई टाळ्या वाजवायला लागले, तसे बाकीचेही लागले. मी पदर सारखा केला. बावीस वर्षं घरोघरच्या नळाखाली बाटल्या धरत फिरणाऱ्या बाईसाठी कचेरीत कुणी टाळ्या वाजवत नाही, त्यामुळे खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. पण मग नकाशाकडे पुन्हा पाहिलं. तो ठिपका नाल्याच्या पलीकडे होता, वस्तीच्या अगदी मधोमध. मी नमुना घेत होते तो नळ नाल्याच्या अलीकडे होता.

शलाका जाधव युनिव्हर्सिटीतून आमच्या पाणीखात्यात आलेली मुलगी. आमच्या बडोद्याचीच. आठ महिने ती प्रयोगशाळेच्या माळ्यावरची माझी रजिस्टरं झटकून झटकून कॉम्प्युटरात घालत होती आणि धुळीने शिंकत होती. शहरातले जुने पाइप बदलायचे होते. आजवर ज्याचा आवाज मोठा त्याच्या गल्लीत आधी खोदकाम व्हायचं. आता तसं नाही, म्हणे. आता आकडे बोलणार होते. जिथलं पाणी सगळ्यात वाईट, अशा आठ ठिकाणी या वर्षी नवे पाइप पडणार. मला हे फार आवडलं होतं. घरी आमच्या ह्यांना मी दहा वेळा सांगितलं असेल, की शेवटी माझ्या रजिस्टरचं सोनं झालं.

“आणि जिथे हिरवं आहे,” शलाका पुढे सांगत होती, “तिथले नमुने आपण बंद करू शकतो. तेवढी माणसं लाल ठिकाणी वापरता येतील. दवाखान्याची माहितीही हेच सांगते. भाथीनगरातून गेल्या तीन वर्षांत काविळीची एकही नोंद नाही.”

“शुक्रवारे फायनल,” केयूरभाई म्हणाले. “आणि शुक्रवारी मंदाबेनला शाल पण ओढाडवानी छे. चार महिन्यांत रिटायर थाय छे, बरोबर ने, मंदाबेन?”

मी मान हलवली. तो मंगळवार होता.

आता हे नऊ वाजताचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर कुणाला काही कळायचं नाही. भाथीनगरात पाणी येतं पहाटे सव्वापाचला आणि जातं पावणेसहाला. आमची ड्यूटी सुरू होते साडेआठला. मी त्या भागात पोचते नऊच्या सुमाराला, तेव्हा तिथल्या नळात पाणी नसतं. नळच कोरडा तर नमुना कशाचा घेणार? मला हे काम शिकवलं पवारकाकांनी. सतरा वर्षांपूर्वी हा भाग माझ्याकडे आला तेव्हा त्यांनी पहिल्याच आठवड्यात वाट दाखवली होती. नाल्याच्या अलीकडे रेवाकुंज सोसायटी आहे. तिथल्या शेवटच्या बंगल्यासमोरून पाइप पुढे नाला ओलांडून भाथीनगरात जातो. नाल्याच्या तोंडाशी व्हॉल्व्ह आहे, तो पहाटे अर्धाच तास उघडतात; त्या बंगल्याच्या अंगणातल्या नळाला मात्र नऊ वाजताही पाणी असतं. “लाइन एकच, पाणी एकच,” पवारकाका म्हणाले. “बाटली इथे भरायची आणि नाव भाथीनगरचं लिहायचं.” बंगल्यातल्या जशीबेन तेव्हाच म्हणाल्या, “आवो आवो, चा मूकी छे,” आणि तो चहा सतरा वर्षं चालू राहिला.

आमचं घराणं गायकवाडी पलटणीतल्या हवालदाराचं. वरच्याने सांगितलं ते करायचं, का म्हणून विचारायचं नाही, हे आमच्या रक्तातच आहे. सोमवारी मला कुणी गीतेवर हात ठेवून विचारलं असतं, तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं की मी रजिस्टरात कधी खोटा आकडा लिहिला नाही. आणि आकडा खरंच खोटा नव्हता. जशीबेनच्या पाण्यात क्लोरीन तपासायचे दोन थेंब टाकले की ते लिंबाच्या सरबतासारखं पिवळं व्हायचं. पिवळं झालं म्हणजे पाण्यात औषध आहे, पाणी चांगलं. मी जे पाहिलं तेच लिहिलं. फक्त कुठे पाहिलं ते लिहिलं नाही.

सभा संपवून मी प्रयोगशाळेत आले तेव्हा पद्मा फरशी पुसत होती. पद्मा आमच्याकडे झाडलोट करते, आणि ती राहते भाथीनगरात.

“ताई, टाळ्या वाजल्या म्हणे तुमच्यासाठी,” ती म्हणाली. “मी तर गल्लीत सगळ्यांना सांगते, आपलं पाणी आमच्या मंदाताई तपासतात, बिनधास्त प्या. खोटं आहे काय?”

“अहल्या कशी आहे?” मी विषय बदलला. अहल्या ही तिची सून. सातवा महिना चालू होता.

“तिला ने, जरा कावीळ झालीय. पण भगताकडून माळ आणलीय. गळ्यात घातली तेव्हा गळ्याबरोबर होती, आता छातीपर्यंत आली. माळ जेवढी लांबते तेवढी कावीळ उतरते.” पद्माने फडकं पिळलं. “आमच्या गल्लीत पाच जणांच्या गळ्यात माळा आहेत सध्या.”

“दवाखान्यात कुणीच गेलं नाही?”

“काविळीला डॉक्टर काय करणार, ताई? कावीळ माळेनेच उतरते.”

शलाकाच्या नकाशात भाथीनगरात काविळीची एकही नोंद का नव्हती, ते मला कळलं. तरी मी पद्माला काहीच बोलले नाही. कपाटातून सहा छोट्या बाटल्या काढल्या आणि पर्समध्ये टाकल्या. या बाटल्यांत औषध लावलेली एक कागदाची पट्टी असते. पाणी भरून ठेवलं आणि त्यात मैला असला, तर चोवीस तासांत बाटली काळी पडते. चांगलं पाणी तसंच राहतं. शाळेतल्या मुलीलाही समजेल इतकं सोपं आहे.

बुधवारी पहाटे साडेचारला मी स्कूटी काढली. उत्तरायण होऊन आठवडा झाला होता, तारांवर फाटके पतंग लटकत होते. अकोट्याच्या पुलावर धुकं इतकं होतं की खाली नदी आहे हे फक्त वासावरून कळत होतं. रेवाकुंज झोपलेलं होतं. जशीबेनच्या फाटकावरून मी पुढे गेले आणि नाल्यावरच्या फरशीवर स्कूटी थांबवली. सतरा वर्षांत मी ही फरशी कधी ओलांडली नव्हती. खाली मोबाइलचा उजेड टाकला. आमचा पाइप नाल्यातून जात होता. नाल्याच्या वरून नाही, पोटातून. मधल्या जोडावर कुणीतरी सायकलची ट्यूब गुंडाळून ठेवली होती आणि काळं पाणी तिच्यावरून वाहत होतं.

वस्तीत सगळ्या बायका आपापल्या दारात कळशा मांडून बसलेल्या होत्या. पाण्याला जोर नाही, म्हणून प्रत्येकीने दारात गुडघाभर खड्डा खणून पाइप खालीच कापलेला. खड्ड्यात सांडपाणी साचलेलं आणि त्या सांडपाण्यात नळाचं तोंड. पद्माने मला पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

“अरे, मंदाताई! एवढ्या लवकर? बघा ग, मी सांगत होते ना!”

चार बायका हातातली भांडी टाकून मला बघायला आल्या. सव्वापाचला नळ फुसफुसला. पहिलं पाणी चहासारखं आलं. “ते सोडून द्यायचं,” पद्मा मला समजावू लागली, जणू मी पाहुणी होते. “दोन मिनिटं गेली ने, की मग चोख्खं येतं.” दोन मिनिटांनी खरंच स्वच्छ आलं. मी काचेच्या नळीत घेतलं, दोन थेंब टाकले आणि मोबाइलच्या उजेडात धरलं. आणखी दोन थेंब टाकले. पाणी जसं होतं तसंच राहिलं.

“रंग नाही आला,” पद्मा आनंदाने म्हणाली. “म्हणजे एकदम चोख्खं ने?”

मला तिच्याकडे बघवेना. मी खाली वाकून सहा घरच्या सहा बाटल्या भरल्या. तेवढ्यात अहल्या कळशी घेऊन बाहेर आली. बावीस-तेवीसची पोर, पोट पुढे आलेलं, आणि माझ्याकडे बघून हसली तेव्हा डोळे हळदीचा हात पुसल्यासारखे. गळ्यातली पांढऱ्या काड्यांची माळ छातीखाली लोंबत होती.

“आजच्या आज हिला मोठ्या दवाखान्यात ने,” मी पद्माला बाजूला घेऊन म्हटलं. “पोटुशी बाईला कावीळ वाईट असते. माळ-बीळ नंतर बघ.”

“शनिवारी नेते ने. समरजित येतोय शनिवारी सुरतेहून. त्याची बायको आहे, त्याला विचारल्याशिवाय मी कशी नेऊ?” पद्माने आवाज खाली आणला. “एक विचारू, ताई? टीव्हीवर सांगतात की कावीळ पाण्याने होते. पण आमच्याकडे तसं नसेल ने? तुम्ही तर दर आठवड्याला तपासता.”

मला त्या वेळी एकच वाक्य बोलायचं होतं. पद्मा, मी तुझ्या गल्लीत कधी आलेच नाही. बस, एवढंच. पण आजूबाजूला त्या चौघी उभ्या होत्या, सगळ्या माझ्याकडे देवाकडे बघावं तशा बघत होत्या, आणि माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, “पाणी उकळून पी. आणि शनिवारची वाट बघू नकोस.” पद्माने मान हलवली, पण मोठ्या माणसाचं मन राखायला हलवतात तशी. मी स्कूटीला किक मारली आणि पळाले. हो, पळालेच म्हणायचं त्याला.

बाटल्या मी स्वयंपाकघरात फळीवर लावून ठेवल्या, हिंगाच्या डबीशेजारी. दुपारी काही नव्हतं. संध्याकाळी दिवा लावताना पाहिलं, तर दोन बाटल्यांचा तळ काळा व्हायला लागला होता. जेवणं होईपर्यंत चार. मी पोळी लाटता लाटता वर बघत होते, आणि बघायचं नाही असं ठरवूनही बघत होते. माझे यजमान, ज्यांना सगळी सोसायटी बापू म्हणते, रिफायनरीतून निवृत्त होऊन घरी बसलेत. ते पाणी प्यायला आत आले.

“हे काय, शाईचा कारखाना काढलास की काय?”

मी त्यांना सगळं सांगितलं. बापू विनोदी माणूस, पण ऐकता ऐकता त्यांनी बाहेर जाऊन टीव्ही बंद केला आणि पुन्हा येऊन बसले.

“हत्ती गेला, शेपूट राहिलं, मंदे,” ते शेवटी म्हणाले. “चार महिने. शुक्रवारी शाल घे, घरी ये. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिकवलं पवारांनी. तू काय केलंस?”

“पवारकाका वारले. सही माझी आहे.”

“मग त्या बाटल्या नेऊन दे साहेबाला. आज तपासलं, आज वाईट निघालं, एवढंच सांग. मागचं उकरायला तुला कोण सांगतंय? कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?”

मलाही तोच मार्ग बरा वाटला. सकाळी उठले तेव्हा सहाच्या सहा बाटल्या डांबरासारख्या काळ्या होत्या.

गुरुवारी मी त्या केयूरभाईंच्या टेबलावर ओळीने मांडल्या. शलाका तिथेच लॅपटॉप घेऊन बसली होती. केयूरभाई माणूस वाईट नाही. वीस वर्षं आम्ही एका छपराखाली काम केलंय, माझ्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी रक्त दिलंय. त्यांनी एक बाटली उचलली, उजेडात फिरवली आणि खाली ठेवली.

“मंदाबेन, सहा बाटल्या. सामे पाचशे वीस नमुने.”

“मावशी,” शलाका मऊ आवाजात म्हणाली, “एका दिवसाच्या आकड्यांनी दहा वर्षांचं चित्र बदलत नाही. दहा वर्षांत एकदाही जे झालं नाही ते एका पहाटे सहा घरांत होतं, तेव्हा पाण्यापेक्षा बाटलीवर संशय घ्यायचा असतो. बाटल्या जुन्या असतील, हात लागला असेल. मी हे आकडे घातले तरी कॉम्प्युटर ते बाजूला काढेल. तुमचाच डेटा इतका मजबूत आहे ना!”

ती हे कौतुकाने म्हणाली. मी त्या मुलीकडे बघत राहिले. मीच पाचशे वीस वेळा शपथ घेऊन ठेवली होती, आता माझ्या सहा बाटल्यांवर कोण विश्वास ठेवणार?

शलाका फोन घ्यायला बाहेर गेली. मी तोंड उघडलं, तोच केयूरभाईंनी हात वर केला.

“ना बोलो, मंदाबेन. तुम्ही जे बोलणार आहात ते मला समजलं, आणि मी ते ऐकलेलं नाही.” त्यांनी दाराकडे पाहिलं. “एक जागा खोटी म्हणालात, तर बाकीच्या चाळीस जागांचं काय असं विचारतील. मग प्रयोगशाळेचं काय, मग माझं काय. रजिस्टरवर मारी पण सही छे. तुम्ही तर मे महिन्यात जाल. मी इथेच आहे.”

“तिथे एक पोटुशी पोर आहे, केयूरभाई.”

केयूरभाईंनी टेबलावरच्या बाटल्या मला परत दिल्या नाहीत, आपल्या खणात ठेवल्या आणि कुलूप लावलं. ते लपवायला की जपायला, मला त्या दिवशी कळलं नाही.

शुक्रवारी अकराला तीच खोली, तोच नकाशा. टेबलावर प्लास्टिकमधली शाल आणि नारळ. वरचे दोन साहेब आले होते. शलाकाने आठ लाल ठिकाणं वाचून दाखवली, नंतर हिरव्यांची यादी काढली आणि म्हणाली, “यात सगळ्यात वर भाथीनगर. आणि त्याचं श्रेय...”

मी उठून उभी राहिले. मी आयुष्यात कधी भाषण केलेलं नाही. खुर्चीची पाठ धरली.

“साहेब, भाथीनगरचा नमुना मी भाथीनगरात घेत नव्हते,” मी म्हटलं. “तिथे पहाटे पाचला पाणी येतं आणि आम्ही जातो नऊला. मी नाल्याच्या अलीकडे, रेवाकुंजमधल्या एका बंगल्यात घेत होते. सतरा वर्षं. ते पाणी चांगलं आहे. भाथीनगरचं पाणी बुधवारी पहिल्यांदा घेतलं. सहापैकी सहा बाटल्या काळ्या पडल्या. त्या केयूरभाईंच्या खणात आहेत.”

केयूरभाईंनी खिशातून किल्ली काढली आणि गुपचूप खण उघडायला उठले. मला वाटलं होतं ते नाकबूल होतील.

“बाकीची ठिकाणं, मावशी?” शलाकाने विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

“चाळीस आहेत. त्यातली तीन अशीच. नावं देते.”

मी नावं सांगितली. शलाका खाली मान घालून टाइप करत होती. मी नकाशाकडे डोळे लावून बसले होते. माझी नोकरी गेली तर गेली, पण तो ठिपका आता लाल होणार, पाइप बदलणार, एवढा एक दिलासा मी रात्रभर मनाशी धरला होता. ठिपका हलला. हिरवा रंग गेला आणि तिथे नुसतं पांढरं वर्तुळ राहिलं.

“लाल कर ना,” मी म्हटलं.

“लाल करायला किमान वर्षभराचे नमुने लागतात, मावशी. सगळ्या ऋतूंचे.” शलाकाने डोळे पुसले की चष्मा, दिसलं नाही. “आत्ता आपल्याकडे या जागेची माहितीच नाही. सहा बाटल्यांवर नाही ठरवता येत. आणि जिथली माहिती नाही ती जागा यादीत घेता येत नाही. नियम सगळ्यांना सारखा ठेवलाय, मुद्दामच, म्हणजे कुणी ओरडून नाव घुसवू नये.”

“पुढच्या वर्षी बघू,” वरचे साहेब म्हणाले आणि त्यांनी यादीवर सही केली. माझ्याविषयी काय करायचं ते नंतर ठरवू, असंही म्हणाले. आठ ठिकाणं जशीच्या तशी राहिली.

जिन्यावर शलाका माझ्यामागे धावत आली. ती रडत होती, पण रागाने. “आठ महिने मी तुमच्यासोबत बसले, मावशी. एकदा तरी सांगायचंत!”

“तू मला रजिस्टर मागितलंस, बाळा, ते मी दिलं,” मी म्हटलं. “माझ्याबरोबर फेरीला एकदाही आली नाहीस.” हे टोचून बोलायचं नव्हतं, पण टोचलं. ती तशीच जिन्यात उभी राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि खाली आले, कारण मला पद्माला गाठायचं होतं. पद्मा त्या दिवशी कामावर आलेली नव्हती.

भाथीनगरात पोचले तर तिच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, अहल्या सकाळपासून बरळायला लागली, सासूलाही ओळखेना, तेव्हा रिक्षात घालून नेलं. मी दवाखाना गाठला. पद्मा कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. मला पाहून म्हणाली, “ताई, तुम्ही बुधवारी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.” पद्मा स्वतःला दोष देत होती आणि मी तिच्याशेजारी बसून तिचा हात धरून ऐकत होते. त्या क्षणी मी जितकी स्वतःच्या नजरेतून उतरले तितकी भरसभेतही उतरले नव्हते. मोठ्या लोकांसमोर मी खरं बोलले. जिला बुधवारी सांगायला हवं होतं तिला सांगितलं नाही. त्या दोन दिवसांनी फरक पडला असता की नाही, हे डॉक्टरांना विचारायची माझी हिंमत नाही. रविवारी दुपारी अहल्या गेली. पोटातलं बाळही गेलं. समरजितने आईला धरून ठेवलं होतं आणि त्याला कुणी धरलं नव्हतं.

अहल्याचे दिवस झाले. मला एक कागद मिळाला, खुलासा द्या म्हणून. तो मी दिला, जे खरं ते लिहून. निवृत्तीपर्यंत पहाटेची फेरी माझ्याकडे राहील असं ठरलं, कारण पहाटे पाचला जायला दुसरं कुणी तयार नव्हतं. केयूरभाईंनी क्लोरीनच्या गोळ्यांचे दोन खोके पाठवले, सोबत चिठ्ठी नाही की काही नाही. मी ते दारोदार वाटले. कुणी घेतले, कुणी म्हणालं, इतकी वर्षं चांगलं होतं ते पाणी आताच कसं बिघडलं.

तेराव्यानंतर पद्मा कामावर आली. बादली भरली, फडकं बुडवलं आणि नेहमीसारखी कोपऱ्यापासून सुरुवात केली. मी दार लोटून घेतलं आणि तिच्यासमोर खाली फरशीवर बसले, ओल्या फरशीवरच. सगळं सांगितलं. जशीबेनचा नळ, नऊ वाजता, सतरा वर्षं. बुधवारी माहीत असून गप्प बसले तेही सांगितलं. ती शिव्या देईल, फडकं तोंडावर फेकेल, काहीही करेल अशी माझी तयारी होती.

तिने फडकं बादलीवर धरलं. त्यातून पाणी गळत होतं.

“रजिस्टर मी रोज पुसते, ताई,” ती म्हणाली. “वर लिहिलेलं असतं, भाथीनगर, सकाळी नऊ. मला वाचता येतं. नऊ वाजता आमच्या नळात पाणी असतंच कुठे? इतक्या वर्षांत मला हे एकदा पण सुचलं नाही.”

मग ती उठली आणि राहिलेली फरशी पुसायला लागली. माझ्या बाजूला येईपर्यंत तिने पुसत आणलं आणि तिथे थांबली, मी उठायची वाट बघत. मी उठले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी भाथीनगरात गेले, तेव्हा ती दारात उभी होती. समरजित सुरतेला परत गेला होता. घरात ती एकटीच. बाकीच्या बायका माझ्याकडे न बघता कळशा भरत होत्या. पद्मा मोबाइलचा उजेड धरून खड्ड्याशी बसली. मी नळी भरली, थेंब टाकले, आम्ही दोघी थांबलो. मग बाटली भरून तिचं झाकण लावलं.

शलाकाने नवा फॉर्म करून पाठवला होता. ती स्वतःही दोन वेळा पहाटे येऊन गेली होती. फॉर्मात वेळ लिहायची, जागा लिहायची आणि कुणाच्या नळाचं पाणी घेतलं त्या माणसाचं नाव लिहायचं.

“वेळ पाच वीस,” मी म्हटलं. “नाव तुझं लिहू की समरजितचं?”

पद्माने उजेड फॉर्मवर धरला.

“अहल्याचं लिहा,” ती म्हणाली. “पाणी तीच भरायची.”

मी लिहिलं. पद्माने ते अक्षर अक्षर वाचलं, मग मोबाइल बंद केला आणि पाणी जायच्या आत आपली कळशी नळाखाली लावली.